जमीन कुठे संपवायची?

मुलगी ‘सिव्हिल घेते’ म्हणाली की घरात ठरलेला प्रश्न येतो: म्हणजे जन्मभर उन्हात साईटवर उभं राहायचं? त्यातून तिला गणित आणि कॉम्प्युटरची आवड असेल, तर आईवडिलांचा जीव आणखीच खालीवर होतो. अशांनी जिओटेक्निकल, म्हणजे माती-खडकाच्या इंजिनिअरिंगकडे जरूर बघावं.

मुंबईची मेट्रो-३ ३३.५ किलोमीटरची, गिरगाव-काळबादेवीच्या दाटीखालून गेलेली. असा बोगदा खणताना वरची जमीन किती मिलिमीटर खचेल, हे आधीच काढावं लागतं. त्यासाठी प्लॅक्सिस, फ्लॅक अशी सॉफ्टवेअर आहेत. पण जमिनीला अंत नाही आणि स्क्रीनला आहे. म्हणून मातीचा एक चौकोन कापून घ्यायचा आणि त्याच्या कडा कशा वागतील ते आपणच सांगायचं. याच बाउंड्री कंडिशन्स. साधारणपणे तळ पक्का धरतात. बाजूंना आडवं सरकायला बंदी, वरखाली मोकळीक. पाणी कुठून शिरेल, कुठे अडेल, हेही सांगावं लागतं.

कड बोगद्याच्या फार जवळ घेतली तर उत्तर चुकतं. सॉफ्टवेअर मात्र तक्रार करत नाही, रंगीत चित्र झकास काढून देतं! जाणता इंजिनिअर चौकोन रुंद करून गणित पुन्हा चालवतो. खचण्याचा आकडा बदलला, तर कड जवळ होती. भूकंपाच्या गणितात पक्क्या कडेवर आपटून लाटा परत फिरतात. त्या शोषून घेणारी कड लिस्मर आणि कुह्लमायर यांनी १९६९ मध्ये सुचवली, ती आजही वापरात आहे.

२० एप्रिल २००४ रोजी सिंगापूरला निकोल हायवेलगतचं मेट्रोचं खोदकाम कोसळून चार जण दगावले. चौकशीत आधाराच्या जोडांची रचना सदोष निघालीच, शिवाय संगणकीय विश्लेषणात मऊ चिकणमातीची ताकद जास्त धरल्याचंही आढळलं.

वाट सरळ आहे: बारावीला गणित-भौतिक-रसायन, एमएचटी-सीईटी किंवा जेईई, सिव्हिलची पदवी, मग गेट देऊन आयआयटी मुंबई किंवा पुण्याच्या सीओईपीसारख्या ठिकाणी एम.टेक. डिप्लोमा केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नुसत्या पदवीवर या कामात शिरकाव अवघड, हे आधीच सांगतो.

सॉफ्टवेअरच्या क्लासला घाईने पैसे भरू नका. बटणं नंतरही शिकता येतात. कॉलेज निवडताना त्याऐवजी मातीची प्रयोगशाळा बघून या. मातीची ताकद मोजणारं ट्रायॅक्शियलचं यंत्र चालू आहे का आणि विद्यार्थ्यांना त्याला हात लावू देतात का, एवढं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरं कॉलेज बघा.