पाण्यात उतरण्याचा पोशाख : निवड आणि निगा

धार जिल्ह्यास निसर्गाने दोन प्रकारचे जलाशय दिले आहेत. माळव्याच्या पठारावर परमार राजा मुंज याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंज तलावासारखी तळी आहेत. विंध्याचा घाट उतरताच निमाडात नर्मदेचे पात्र लागते. २०१९ साली सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि कुक्षी भागात त्याचा फुगवटा दूरवर पसरला. या दोन्ही ठिकाणी जाळे ओढणारा मच्छिमार तासन्‌तास कंबरभर पाण्यात उभा असतो. सतत भिजल्याने त्वचा मऊ पडते. शिंगाड्याचे काटे, काचा व शिंपले यांनी जखमा होतात. जखमेवाटे बुरशी आणि लेप्टोस्पायरोसिससारखे रोग शिरकाव करतात. यावर उपाय म्हणजे बुटासह छातीपर्यंत येणारा जलरोधक पायजमा. यास ‘वेडर’ असे म्हणतात.

कापडाची निवड

नैसर्गिक रबर स्वस्त व दुरुस्तीस सोपे असते. परंतु ऊन व हवेतील ओझोन यांमुळे त्यास भेगा पडतात. निओप्रीन ऊबदार असल्याने थंड प्रदेशास योग्य. निमाडच्या उन्हाळ्यात ते असह्य होते. घाम बाहेर सोडणारे पापुद्र्याचे कापड सुखकर, मात्र महाग असून काट्यांपुढे नाजूक ठरते. पी.व्ही.सी.चा लेप दिलेले नायलॉन आपल्याकडील कामास बहुधा सर्वांत परवडणारे होय.

खरेदीपूर्वी पारख

पोशाख अंधाऱ्या खोलीत नेऊन आत विजेरी लावावी. प्रकाश झिरपेल तेथून पाणीही झिरपेल. शिवण केवळ दोऱ्याची नसून उष्णतेने जोडलेली वा पट्टीने बंद केलेली असावी. गुडघ्यावर दुहेरी थर असावा. अंगात घालून उकिडवे बसून पाहावे. ताण पडत असल्यास मोठे माप घ्यावे. बुटाचा तळ खोल खाचांचा असावा. नमद्याचा तळ घसरत नाही, परंतु एका जलाशयातील सूक्ष्म जीव दुसऱ्यात नेतो. याच कारणास्तव न्यूझीलंडने २००८ साली त्यावर बंदी घातली.

किंमत वर्षांच्या हिशेबाने तोलावी. समजा, बाराशे रुपयांचा पोशाख एकच हंगाम टिकला आणि चोवीसशेचा तीन हंगाम टिकला, तर दुसऱ्याचा वार्षिक खर्च आठशेच येतो. सहकारी संस्थांनी एकत्रित खरेदी केल्यास पारखही नीट होते व दरही कमी पडतो.

पट्टा विसरू नये

आत शिरलेले पाणी माणसास तळाशी ओढत नाही. पाण्याबाहेर चढताना मात्र तेच जड ओझे होते, आणि प्रवाहात पाणी भरलेला पोशाख तोल घालवितो. म्हणून कमरेस पट्टा घट्ट आवळावा. धरणाच्या फुगवट्यात खोली एकाएकी वाढते आणि काळ्या मातीच्या चिखलात पाय रुततो. यास्तव हाती काठी व सोबत जोडीदार असावा.

निगा

वापरानंतर पोशाख स्वच्छ पाण्याने धुऊन, आतून-बाहेरून सावलीत वाळवून उलटा टांगावा. घडी घातल्यास घडीवर चीर पडते. रबरास रॉकेल वा तेल लागू देऊ नये. रबराचे छिद्र सायकलच्या पंक्चरप्रमाणे बुजविता येते, पी.व्ही.सी.ला त्याचाच डिंक लागतो. मध्य प्रदेशात, नदीशी संबंध नसलेली छोटी तळी वगळता, १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. दुरुस्तीस हाच काळ सोयीचा.

पोशाख वर्षानुवर्षे टिकला तर पैसा वाचतो. तो अंगावर असला तर पाय वाचतात, आणि मच्छिमाराचे सारे भांडवल त्या पायांवरच उभे असते.