सरकारी अनुदान आणि धर्माचा पाठ



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर विहारात दोन प्रश्न निघाले. नुकतीच दीक्षा घेतलेल्या एका बांधवांनी विचारले, "गुरुजी, पोराच्या शाळेत पूजेला सगळ्यांना बसवतात. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पोरगं बसलं नाही तर मास्तर डूख धरतील. काय करू?" लगेच समितीतील एक वडीलधारे म्हणाले, "म्हणून तर आपण आपली शाळा काढू. सरकारचं अनुदान घेऊ आणि फक्त आपलीच मुलं घेऊ."

प्रश्न दोन दिसतात, पण दोहोंचे उत्तर एकच आहे. तेच आज समजून घेऊ.

अनुदानाची पद्धत जुनी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याचे धोरण ठरविले. त्यात मिशनच्या शाळाही आल्या. सरकारने पाहावयाचे ते लौकिक शिक्षण, म्हणजे लेखन, वाचन, गणित यांसारखे विषय. शाळेच्या धर्मशिकवणुकीत तपासनिसाने लक्ष घालू नये, असे ठरले. पण त्या शाळेत बसलेल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाचे काय? त्याला खरे संरक्षण मिळाले ते आपल्या संविधानात.

संविधानातील चार कलमे प्रत्येक बौद्ध घरात माहीत असली पाहिजेत.

१) कलम २७ : ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेले आहे, तो कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही.

२) कलम २८ : जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धर्मशिक्षण देताच येत नाही. जी शाळा खाजगी आहे पण सरकारमान्य किंवा अनुदानित आहे, तिथे ते देता येते. मात्र कोणालाही त्यात भाग घेण्याची किंवा पूजेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी.

३) कलम २९(२) : सरकारी अथवा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

४) कलम ३०(२) : संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्याच कारणाने अनुदान देताना सरकारला भेदभाव करता येत नाही. केंद्र सरकारने १९९३ साली अधिसूचना काढून बौद्धांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत धर्मशिक्षणावरील कलमाची चर्चा झाली. तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी याची कारणे सांगितली. पैसा सर्वांच्या करातून येतो, मग त्यातून एकाच्या धर्माचे शिक्षण कसे देता येईल? देशात धर्म अनेक आहेत, सरकार किती धर्म शिकवणार? आणि प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा म्हणू लागला, तर शाळेत भांडणच शिरेल. मात्र धर्मांची माहिती घेणे आणि धर्माची दीक्षा देणे यांत फरक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. बंधूंनो, भांडू नका आणि घाबरूही नका. मुख्याध्यापकांना साध्या शब्दांत अर्ज द्या : "माझ्या पाल्याने पूजेत भाग घ्यावा यास माझी संमती नाही." अर्जाची एक प्रत ठेवा, तिच्यावर पोच घ्या. उपयोग झाला नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. आणि प्रवेशाच्या वेळी कागद वाचल्याशिवाय सही करू नका. संमती तुमच्या हातात आहे, ती नकळत देऊन टाकू नका. घरी मुलालाही समजावून सांगा की, आपण हात जोडत नाही म्हणून कोणाचा अपमान करीत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काहींना कडू लागेल. शाळा जरूर काढा. बौद्धांची संस्था म्हणून अनुदान अडवण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु अनुदान घेतल्यावर मातंगाचे, मुसलमानाचे, मराठ्याचे मूल दारात आले, तर केवळ त्याच्या जातीवरून वा धर्मावरून परत पाठविता येणार नाही. बुद्धवंदना ठेवली तरी त्या मुलाला पालकाच्या संमतीवाचून बसविता येणार नाही. शिक्षकांच्या पगारासाठी आलेला पैसा पगारावरच खर्च झाला पाहिजे. त्यातून विहाराला रंग देता येणार नाही. विहारासाठी आपले दान आहे. दोन हिशेब, दोन वह्या.

हा नियम आपल्याला जाच वाटतो काय? मग आठवा, वर्गात सर्वांपासून वेगळा, पोत्यावर बसून शिकलेला मुलगा कोण होता? ज्या दाराने आपल्याला अडविले, तसले दार आपण बांधायचे नाही. सरकारचा पैसा कामासाठी मिळतो, पंथासाठी नव्हे. हा नियम आपल्या मुलाला दुसऱ्याच्या शाळेत जपतो आणि दुसऱ्याच्या मुलाला आपल्या शाळेत जपतो.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१) आपल्या मुलाची शाळा पूर्णपणे सरकारी आहे, अनुदानित आहे की विनाअनुदानित?
२) प्रवेशाच्या वेळी आपण कोणत्या कागदावर सही केली?
३) आपल्या विहाराचा हिशेब कोण लिहितो, आणि तो सर्वांसमोर वाचला जातो काय?

पुढील रविवारी उत्तरे घेऊन विहारात या. जयभीम.