सांध्यातले इंजेक्शन : बधिर होणे म्हणजे बरे होणे नव्हे



ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे खांदा, गुडघा, कोपर धरून येणाऱ्यांची रांग लागते. मागणे एकच, "डॉक्टर, ती लगेच आराम पडणारी सुई द्या. उद्या ट्रॉली भरायची आहे." त्या सुईत काय असते, ते आज समजून घेऊ.

या सुईत बहुधा दोन औषधे असतात. पहिले लिग्नोकेन. हे १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. दात काढताना हिरडीत देतात तेच हे. मज्जातंतूतून मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी ते अडवते. काही मिनिटांत जागा बधिर होते, एक-दोन तासांत बधिरपणा ओसरतो. दुसरे स्टेरॉइड. ते सूज उतरवते, पण गुण यायला दोन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो.

म्हणजे टोचताच खांदा हलका वाटला तो लिग्नोकेनमुळे. दुखण्याची जागा बरोबर सापडली, एवढीच ती डॉक्टरला खूण. संध्याकाळी पुन्हा दुखले म्हणून सुई वाया गेली असे समजू नये. मानेच्या किंवा पाठीच्या स्नायूत गाठ धरली असेल तर काही वेळा नुसते लिग्नोकेनही देतात.

धोका आहे तो इथेच. दुखणे हा शरीराचा राखणदार. तो झोपलेला असताना मोळ्या उचलल्या, तर स्नायूला हाडाशी बांधणारी झिजलेली शीर पुरती तुटू शकते, आणि त्या वेळी कळतही नाही.

म्हणून लक्षात ठेवा :

१) सुईनंतर निदान दोन दिवस त्या सांध्याला जड काम नको.

२) पूर्वी बधिर करण्याच्या औषधाने त्रास झाला असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगा.

३) मधुमेह असल्यास स्टेरॉइडने रक्तातली साखर काही दिवस चढते. तपासत राहा.

४) ओठाभोवती मुंग्या, कानात आवाज, गरगरणे असे झाल्यास तिथल्या तिथे सांगा. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असते.

५) सांधा लाल व गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

६) त्याच सांध्यात पुन्हा स्टेरॉइडची सुई घ्यायची तर निदान तीन महिने जाऊ द्या.

तोडलेल्या उसाच्या बुडख्याला खोडव्याचे फुटवे येतात. सांध्यातली झिजलेली कूर्चा तशी पुन्हा फुटत नाही. तेव्हा सुईने मिळालेली उसंत कामाला नव्हे, विश्रांतीला द्या.