वाद्य घडवणारे हात

आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील काचेच्या कपाटात एक जुने तुणतुणे आहे. परिसरातील एका गायनपार्टीने ते शाळेस भेट दिले. त्याच्या साथीने कोण गात असे, कोणत्या जयंतीला ते वाजले, हे सांगणारे डोणगावात पुष्कळ भेटतात. काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या तासाला आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, हे बनवले कोणी?" आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाच्या निमित्ताने जो अभ्यास घडला, तो माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

जुन्या वाद्याचा कर्ता शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यावरील लेखन. इटलीतील क्रेमोना येथील अंतोनियो स्त्रादिवारी व्हायोलिनसाठी जगप्रसिद्ध आहे. परंतु त्याने 1688 मध्ये घडवलेली एक गिटारही ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात जपलेली आहे. युरोपातील अनेक कारागीर वाद्यावर आपले नाव व वर्ष नोंदवीत. आपल्याकडील बहुतेक जुन्या तंतुवाद्यांवर अशी नोंद आढळत नाही. तेथे कर्त्याचा माग दुसऱ्या वाटेने काढावा लागतो.

मिरज हे याचे उत्तम उदाहरण. तेथे तंबोरे व सतारी घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची असून तिचा आरंभ फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून मानला जातो. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे व ती घडवणारे कारागीर. संस्थानांची लढाईची कामे संपली, तसे ते कसबी हात वाद्यांकडे वळले. पुढे त्यांच्या वंशजांचे आडनावच 'सतारमेकर' झाले. घराण्याचा व्यवसाय कसा पालटला, हे असे नुसत्या आडनावांवरून वाचता येते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अनामिक कसबाला गावाचे नाव तरी अधिकृतपणे लाभले.

तरीही एका तंबोऱ्याचा कर्ता एकच असतो काय? त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकऱ्याने पिकवलेला, लाकूड बहुधा तुणीचे, दांडी व तबली एकाने जोडलेली, नक्षी दुसऱ्याने केलेली, आणि घोडीवर जवारी लावणारा कान आणखी तिसऱ्याचा. म्हणून संशोधकाने तीन साक्षी तपासाव्यात. पहिली साक्ष वस्तूची : लाकूड, सांधे, हत्यारांच्या खुणा, मागाहून झालेली दुरुस्ती. दुसरी लेखनाची : चिठ्ठी, पावती, संग्रहालयाची नोंदवही. यात एक सावधगिरी हवी. चिकटवलेले नाव कधी कारागिराचे नसून विक्रेत्याचे असते. तिसरी साक्ष माणसांच्या स्मृतीची. ती एकाच तोंडून न घेता दोघातिघांकडून पडताळून घ्यावी.

कर्त्याचे नाव लिहिण्याची रीत आपल्या भूमीला अगदीच परकी नव्हती. भाजे येथील लेण्यात धनुष्याकृती वीणा वाजवणारी आकृती कोरलेली आहे. ती वीणा कोणी घडवली, याचा मात्र तेथे उल्लेख नाही. परंतु तेथून जवळच असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट येथील सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी याने द्वार केले, असे तो सांगतो. राजे व व्यापारी यांच्या शेजारी एका सुताराला, त्याच्या पित्याच्या नावासह, स्थान मिळाले आहे. पुढे हाताने काम करणाऱ्यालाच हीन ठरवणारी व्यवस्था बळकट झाली आणि वस्तू उरल्या, नावे गेली. जातीने श्रमिकांनाच परस्परांपासून तोडले, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये दाखवून दिले, त्याचा हाही एक पुरावा समजावा.

आता आपल्या तुणतुण्याकडे येऊ. 1930 नंतर भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसे गावोगावी नेले. वामनदादा कर्डकांनी (1922–2004) गाण्याची ती परंपरा पुढे चालवली. अशा गायनाच्या साथीची वाद्ये बहुधा बाजारातून आलेली नसत, गावातच सिद्ध होत. पोकळ लाकडी नळकांडे, एका तोंडाला कातडे, बाजूला दांडी, वर खुंटी व एक तार, एवढाच संसार. आम्ही मुलांसह ते वाद्य बारकाईने पाहिले, तेव्हा खुंटीचे लाकूड निराळे व अधिक जुने दिसले. पालकसभेत ते दाखवले असता एक वृद्ध आजी पुढे आल्या. त्यांनी खुंटीवरून बोट फिरवले व म्हणाल्या, "ही आमच्या बाजेच्या पायाची हाय. यांनीच कोरली. वाजवता येत नव्हतं त्यांना. पण पार्टीला तुणतुणं नाही म्हणून रात्री बसून केलं." गायनपार्टीतील दोन वयस्करांनीही, वेगवेगळे विचारले असता, तेच सांगितले.

त्या गृहस्थांचे नाव आता शाळेच्या नोंदवहीत आहे, आणि तुणतुण्याला बांधलेल्या चिठ्ठीवरही. ती चिठ्ठी प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच लिहिली. आजींना ती वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा एकदा वाचावयास सांगितली.

आपणां सर्वांस विनंती एवढीच, की घरच्या माळ्यावर एकतारी, तुणतुणे वा दिमडी असेल, तर ती कोणाची होती एवढे विचारून थांबू नये. ती कोणी केली, हे घरातील वडीलधाऱ्यांस आजच विचारावे व लिहून ठेवावे. लाकूड शंभर वर्षे टिकते. सांगणारी माणसे तेवढी थांबत नाहीत.