आईचा कर्करोग आणि पेशीतली दुरुस्ती

प्रश्न : आईला व मावशीला चाळिशीतच स्तनाचा कर्करोग झाला. डॉक्टर ‘बीआरसीए’ तपासणी सुचवतात. हे जनुक नेमकं काय करतं? मलाही धोका आहे का?
– एक वाचक, ऊर्जानगर (चंद्रपूर)

उत्तर : ताई, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही कर्करोगाला आवर घालणारी जनुकं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पी-५३ हे प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं. मग बीआरसीएची प्रथिनं आरएडी-५१ या प्रथिनाला तुटलेल्या जागी आणतात आणि डीएनएच्या शाबूत प्रतीवरून नेमकी दुरुस्ती होते. नुकसान फारच असेल तर पी-५३ पेशीला मरायला लावतं.

बीआरसीए जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असली आणि पुढे एखाद्या पेशीतली दुसरीही बिघडली, की तिथली दुरुस्ती चुकीची होत जाते. त्यातून कर्करोग उद्भवू शकतो.

आईच्या जनुकात दोष असेल, तर तो तुमच्यात येण्याची शक्यता ५० टक्के. म्हणून आधी आईची तपासणी करा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कर्करोगासाठी समुपदेशन मिळतं. दोष आढळला म्हणजे कर्करोग झालाच, असं नाही. उलट, वेळेवर एमआरआय आणि इतर उपाय करता येतात. तपासणी टाळू नका.