न दिसणारी धूळ

(छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज असते. असे पत्रे बसवताना, दुरुस्त करताना आणि काढताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

आष्टी हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. या भागात पूर्वी माळवदाची घरे असत. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडे आणि लाकडांवर पांढऱ्या मातीचा थर. ही घरे उन्हाळ्यात थंड राहत. पण पावसाळ्यापूर्वी माळवदावर पुन्हा माती टाकावी लागे. पुढे सिमेंटचे पत्रे आले. ते गंजत नाहीत, पेट घेत नाहीत आणि स्लॅबपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. म्हणून घरांवर, गोठ्यांवर, दुकानांवर हे राखाडी, नागमोडी पत्रे दिसू लागले.

हे पत्रे नुसत्या सिमेंटचे नसतात. भिंतीच्या मातीत आपण भुसा कालवतो. त्यामुळे गिलावा धरून राहतो, तडकत नाही. तसेच सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालतात. १९०१ साली ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी या कृतीचे पेटंट घेतले.

ॲस्बेस्टॉस हा एक प्रकारचा दगडच आहे. पण तो कापसासारखा पिंजता येतो आणि आगीत जळत नाही. फारसी आणि उर्दू शायरीत आगीत राहणाऱ्या 'समंदर' नावाच्या प्राण्याचा उल्लेख येतो. ॲस्बेस्टॉसचे कापड या प्राण्यापासून बनते, असे जुन्या काळी काही लोक मानत. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने मात्र ते डोंगरातून काढलेल्या खनिजाचे असते, असे सांगितले.

मग अशा उपयोगी वस्तूपासून धोका कोणता? पत्रा अखंड असेल तर त्याखाली राहणाऱ्यांना धोका फार कमी असतो. पत्रा फोडला, कापला, घासला किंवा त्याला भोक पाडले, म्हणजे धूळ उडते. या धुळीतील तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसात जातात आणि तेथेच रुतून बसतात. त्यांच्यामुळे ॲस्बेस्टॉसिस हा दम लागण्याचा आजार होतो, कर्करोगही होतो. हे आजार लगेच दिसत नाहीत. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतात. पंचविशीत पत्रे कापणारा माणूस साठीत आजारी पडतो. तोपर्यंत त्याला त्या धुळीची आठवणही राहत नाही.

१९२४ साली इंग्लंडमधील रॉचडेल या गावी नेली केरशॉ ही कामगार स्त्री मरण पावली. ती ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. तिच्या फुप्फुसांची तपासणी झाली आणि डॉक्टरांचे या आजाराकडे लक्ष वेधले गेले. आपल्या राज्यात मुंबईच्या घाटकोपर व मुलुंड भागांत ॲस्बेस्टॉसचा माल बनवणारे कारखाने होते. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. कामगार कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा त्याने काम सोडल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत त्याच्या आरोग्याची नोंद कारखान्याने ठेवावी, असा आदेश दिला. आजार उशिरा दिसतो, म्हणूनच ही मुदत एवढी मोठी आहे.

जगातील साठहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात मात्र हे पत्रे अजूनही बनतात आणि विकले जातात. कारखान्यात नोंद तरी होते. गावातल्या मिस्त्रीची नोंद कोण ठेवणार? तुमच्या घरातही अब्बा, चाचा किंवा मोठे भाऊ बांधकामावर जात असतील. त्यांना पुढील गोष्टी जरूर सांगा.

१. पत्रा कशाचा आहे हे कळत नसेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असे समजूनच काम करावे.

२. पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो एकदम तुटतो आणि माणूस खाली पडतो. भक्कम फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे.

३. काम सुरू करण्यापूर्वी पत्रा पाण्याने भिजवावा. स्वच्छ फवारणी पंप चालतो. औषध मारायचा पंप वापरू नये.

४. बोल्ट सोडवून पत्रा अखंड काढावा आणि हळूच खाली उतरवावा. वरून फेकू नये. विजेच्या करवतीने कापू नये.

५. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लावावा.

६. काम झाल्यावर कोरड्या झाडूने झाडू नये; ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे झटकू नयेत. ते भिजवून, इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. असे कपडे धुणाऱ्या घरच्या स्त्रियांनाही हा आजार झाल्याची उदाहरणे आहेत.

७. तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळावेत. उकिरड्यावर, ओढ्यात किंवा रस्त्याच्या भरावात टाकू नयेत. त्यांचे काय करावे, हे नगरपंचायतीला किंवा ग्रामपंचायतीला विचारावे.

८. पत्र्यावरचे शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नये.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याने या धुळीत काम केले, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो.

आणि मुलांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. पत्र्याचे तुकडे लगोरीला किंवा ठिकरीला घेऊ नका. ते दगडावर घासू नका. छपराचे काम चालू असेल तेथे थांबू नका.

नवे छप्पर घालायचे असेल, तर आता ॲस्बेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात. जुना पत्रा चांगला असेल, तर त्याला विनाकारण हात लावू नये. काढावाच लागला, तर घाई करू नये. एक बादली पाणी आणि एक तास जास्त लागेल. पण मिस्त्रीचा म्हातारपणीचा श्वास त्यामुळे वाचेल.

शब्दार्थ
माळवद : मातीचे सपाट छप्पर
गिलावा : भिंतीवरचा लेप
तंतू : बारीक धागा
नागमोडी : वळणावळणाचे
अखंड : न तुटलेले
मुदत : ठरवलेला काळ

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माळवदावर माती कधी टाकावी लागे?
(आ) सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू का घालतात?
(इ) नेली केरशॉ कोणते काम करत असे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पत्र्यापासून धोका केव्हा निर्माण होतो?
(आ) न्यायालयाने नोंदीची मुदत एवढी मोठी का ठेवली?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) पत्रा काढण्यापूर्वी भिजवावा.
(आ) कामाचे कपडे झटकू नयेत.

प्र. ४. वचन बदला.
पत्रा, भिंत, फळी, तुकडा, आजार

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्वस्त, कोरडा, जाड, उशिरा

उपक्रम : आपल्या गल्लीतील घरांची छपरे कशाची आहेत ते खालूनच पाहा आणि यादी करा.