आधी ब्रेक, मग इंजिन

मामांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी नवापूरच्या पत्र्याच्या शेडमधून टेम्पोवर चढवून मी गुजरातमधल्या पलसाण्याला आणली, तेव्हा ती कित्येक वर्षं जागची हलली नव्हती. मी इथल्या कापडाच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये मेंटेनन्स बघतो, यंत्रांशी रोजचाच संबंध. तरीही घराच्या अंगणात या गाडीपाशी बसून जे कळलं, ते कारखान्यात कधी कळलं नव्हतं.

१. बंद गाडी दिसली की सगळ्यांचा हात किल्लीकडे जातो. किल्लीचं काम सगळ्यांत शेवटी. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनातलं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये बसलेलं असतं, सिलिंडर कोरडे पडतात आणि रिंगा गंजून चिकटतात. अशा वेळी नवी बॅटरी जोडून सेल्फ मारला, तर रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला ओरखडे पडतात. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण थोडं थोडं सोडलं आणि गाडी तशीच राहू दिली. काही दिवसांनी टॉप गिअर टाकून ती हलकेच पुढे-मागे ढकलली. इंजिन हललं नाही, तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल सोडायचं आणि वाट बघायची. एका संध्याकाळी फॅनचं पातं बोटभर सरकलं. पुढे इंजिन सुरू झालं तेव्हा आनंद झालाच, पण त्या बोटभर सरकण्याचा आनंद त्याहून मोठा होता. त्यानंतरही प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ फिरवला. ऑइलचा लाल दिवा विझला, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं, मगच प्लग बसवले.

२. गाडी पळण्याआधी ती थांबली पाहिजे. घरातले रोज विचारायचे, ‘इंजिनचं काय झालं?’ आणि मी आपला चाकांपाशी बसलेला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. त्या ओलीनं व्हील सिलिंडर आतून गंजतो, पिस्टन अडकतात, रबराच्या वाट्या कडक होतात. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते उघडताना आत साचलेली भुकटी फुंकरीनं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जातं. तोंडाला मास्क लावायचा आणि ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यायचं. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्याचा फोटो कोणी मागत नाही. पण त्या गाडीत माझी मुलगी बसणार होती. सगळे रबर, सगळे होज, मास्टर सिलिंडरचं किट, सगळं नवं घातलं. यात काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

३. जुन्या पेट्रोलचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. आंबूस, थेट व्हार्निशसारखा. टाकीत त्याचा चिकट थर बसतो आणि तोच पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन अडकतो. टाकी उतरवून, आत खडी घालून हलवून हलवून धुतली. जेटमध्ये मात्र तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. ते हवेनंच साफ करायचं.

आणि आताचं पेट्रोल हे मामांच्या काळातलं पेट्रोल नाही. तेव्हा त्यात शिसं असायचं, ते देशभरातून फेब्रुवारी २०००मध्ये गेलं, आणि बरंच झालं. आता त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, डायफ्रॅम खराब करतं, पाणी ओढतं. चलथाणच्या साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या जाताना मी रोज बघतो. उसापासून इंधन होतं याचा शेतकऱ्याच्या घरातला माणूस म्हणून मला आनंदच आहे. पण म्हणून पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देत नाही.

४. या गाडीत गूढ असं काही नाही, आणि हेच मला सगळ्यांत जास्त आवडलं. १०८९ सीसी, चार सिलिंडर. बॉनेट उघडलं की दोन्ही हात आत जातात. गाडी सुरू होत नसेल, तर एक तर करंट नाही, नाहीतर पेट्रोल नाही. करंटसाठी प्लग बाहेर काढून इंजिनच्या अंगाला टेकवायचा आणि ठिणगी बघायची. ती नसेल तर डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडायचं. पॉइंटवर राखाडी बुरशी आलेली असते, ती बारीक पॉलिश पेपरनं घासायची, फिलर गेजनं फट बघायची, कंडेन्सर तपासायचा. प्रत्येक बिघाडाला कारण आहे आणि ते कारण डोळ्यांना दिसतं. कारखान्यात कापड ताणून सुकवणारं आमचं नवं स्टेंटर बंद पडलं की स्क्रीनवर एक नंबर येतो आणि तो नंबर आम्ही फोनवर कोणाला तरी सांगतो. त्या यंत्राबद्दल मला आदर आहे. पण ज्यांनी ही गाडी आखली, त्यांनी ती उघडणाऱ्या माणसावर विश्वास टाकला होता.

५. कान हेही अवजार आहे. इंजिन सुरू झालं, पण लंगडत होतं. हायवेवरच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. सुरती गुजरातीत बोलणारे, थकलेले, हल्ली गॅरेजही बंद केलेलं. त्यांनी आल्या आल्या पाना मागितला नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग प्लगची एकेक वायर उपसून बघत गेले. पहिली काढली, आवाज पडला. दुसरी काढली, पडला. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. ‘हा झोपलाय,’ म्हणाले. एक-तीन-चार-दोन हा फायरिंगचा क्रम ते बॉनेटवर बोटांनी वाजवून दाखवत होते. तिसऱ्याचा टॅपेट जरा घट्ट होता, व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता. एवढंच. मी हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, माझ्याकडे डिप्लोमा आहे. पण त्यांनी ऐकून जे सांगितलं, ते मला ऐकूच आलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक रविवारी त्यांना घरी चहाला बोलवायला लागलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. शेजारच्या पोरांना मात्र सांगितलं की बसून बघा. दोघं बसतात.

६. उंदीर. मागची सीट, वायरिंगचं आवरण, एअर फिल्टर, सगळीकडे त्यांचा संसार. वायरिंग पुन्हा ओढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. याबद्दल जास्त लिहीत नाही.

७. पार्ट कुठे मिळतील ही सगळ्यांत मोठी धास्ती होती, आणि निम्म्याहून जास्त उत्तर पलसाण्यातच निघालं. मिलच्या गावात काय नसतं! स्टीम लाइनचं काम करणाऱ्या दुकानात गॅस्केट शीट मिळालं, ते घरी कापलं. कडोदऱ्याच्या बाजूला लेथवर बसणाऱ्या टर्नरनं जुना झिजलेला बुश हातात घेऊन त्याच मापाचा गनमेटलचा नवा करून दिला. रेडिएटरच्या नळ्या टाकणारे कारागीर आहेत. उरलेल्यासाठी मुंबईतलं कुर्ला. गाडी जिथे जन्मली तिथेच. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. सोलापुरात जन्मलेले, गुजराती जैन घरातले. त्यांनी महाराष्ट्रात कारखाने उभारले, आणि आम्ही खानदेशातली माणसं गुजरातच्या मिलमध्ये राबतो. गाडीखाली आडवं पडल्यावर असले विचार येतात.

कुर्ल्याच्या दुकानदारानं एक गोष्ट सांगितली. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर माल बनत होता. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३नंतर रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी संपली. आता आहे तो शिल्लक माल. वॉटर पंपाचं किट एक लागत होतं, मी दोन घेतली.

८. गाडीचा स्वभाव तिच्या मालकालाच माहीत असतो. पहिल्या उन्हाळ्यात बारडोली रस्त्यावर गाडी दुपारी थांबली. ठिणगी व्यवस्थित, टाकीत पेट्रोल, तरी सुरू होईना. मामांना फोन लावला. ऐंशीच्या घरातले मामा पलीकडून म्हणाले, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाक. इंजिनाच्या उष्णतेनं पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. ते धुळ्याला जाताना कोंडाईबारीच्या घाटात नेहमी पाण्याची बाटली आणि पंचा सीटखाली ठेवायचे. फडकं टाकलं, थोडा वेळ थांबलो आणि गाडी सुरू झाली. मी फोन बंद करायचा विसरलो होतो. तिकडून आवाज आला, ‘चालू व्हयनी का रे भाऊ?’ अहिराणीतला तो प्रश्न ऐकून मला पुढचा मैलभर रस्ता नीट दिसला नाही.

९. कागदपत्रांना इंजिनाइतकीच चिकाटी लागते. गाडी नोंदली तेव्हा नवापूर धुळे जिल्ह्यात होतं, १९९८मध्ये नंदुरबार वेगळा झाला. आता गाडी राज्य बदलून गुजरातेत आलेली. जुनं आरसी बुक, मूळ राज्याची एनओसी, फिटनेस, कर, मग नवी नोंद. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि २०२२पासून फी बरीच चढली आहे. ओळखीचे म्हणतात, २०२८मध्ये पन्नास पूर्ण होतील, मग ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घे. पण २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. मला ती प्रदर्शनात उभी करायची नाही. भाजी आणायला, मामांना दवाखान्यात न्यायला ती हवी आहे. म्हणून फी भरत राहीन.

१०. उभी गाडी जास्त लवकर खराब होते. अंगणात नुसतं पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, कारण सायलेन्सर पुरता तापत नाही आणि आत पाणी साचतं. म्हणून रविवारी चहा झाला की मिस्त्रींना शेजारी बसवून व्याऱ्याच्या दिशेनं तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिरावेपर्यंत जातो. परत आलो की बॉयलरच्या चिमण्यांची राख टपावरून पाण्यानं धुतो, कोरड्या फडक्यानं घासत नाही, रंगाला ओरखडे पडतात. दाराचं रबर अजून मिळालेलं नाही. डावा वायपर मध्येच अडतो. पावसाळ्याआधी तेवढं करायचं आहे.